मनोरमाबाईंच्या घरचा पाठ

आमच्या ह्यांना मी सगळं सांगते. कुणाशी भांडले, कुणाला टोमणा मारला, भिशीत कोण काय म्हणालं—सगळं. एवढं एक मात्र सांगितलेलं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, नागपूरच्या नणंदेला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. प्रार्थनेला बसते तेव्हासुद्धा ह्या जागेला वळसा घालून पुढे जाते—देवाला ठाऊकच आहे, आपण कशाला उच्चारायचं? तुम्ही मला ओळखत नाही. रविवारी उपासनेला तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसणार नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. जमेल ना? बघू या.

मी बाळ येशूचे पाठ शिकवते. पगारी काम नाही हे. मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, एकदा सोपवलं आणि मी सोडलं नाही. आमची मंडळी छावणीच्या बाजूला, लहानशी. कुणाच्या घरी दूध उतू गेलं तरी उपासना संपेपर्यंत सगळ्यांना कळतं. नाताळाच्या आधी आमच्याकडे संध्याकाळच्या घरसभा असतात—आज ह्यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. आजोबांपासून शेंबड्या नातवापर्यंत अख्खं कुटुंब सतरंजीवर, सोबत मंडळीतले शेजारीपाजारी. एका घरी देवदूत मरीयेकडे आला तो पाठ, दुसऱ्या घरी बेथलेहेमचा प्रवास, मग मेंढपाळ, ताऱ्यामागून आलेले मागी लोक, हेरोदाच्या भीतीनं मिसर देशाला पळून जाणं. आणि शेवटचा पाठ बारा वर्षांच्या येशूचा. आईबाप त्याला वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमला नेतात, परत निघतात, त्यांना वाटतं पोर सोबतच्या नातेवाइकांत असेल—आणि तो मागेच राहिलेला. तीन दिवस शोधतात. शेवटी मंदिरात सापडतो, गुरुजींच्या घोळक्यात बसून प्रश्न विचारत. कुठल्या घरी कुठला पाठ घ्यायचा, ते मी ठरवते.

माझी एक रीत आहे. मी भाषण देत नाही. आधी घरच्या बाईनं शास्त्रभाग वाचायचा, आणि मग त्या घरालाच गोष्टीत घालायचं. बेथलेहेमच्या पाठाला नवराबायकोनं आपल्याच दाराबाहेर उभं राहून कडी वाजवायची, आणि शेजाऱ्यांनी आतून, जागा नाही, पुढे व्हा, म्हणून हाकलायचं. लोक आधी लाजतात, मग हसतात, आणि मग बाहेर उभी राहिलेली बाई एकदम गप्प होते. तिला कळलेलं असतं. हरवलेल्या येशूच्या पाठाला एक पोर घरात कुठंतरी लपवायचं आणि घरच्या आईबापानं सगळ्यांदेखत शोधायचं. पलंगाखाली, फ्रिजमागे, गच्चीच्या जिन्यात. सापडलं की टाळ्या. मग मी विचारायची—सापडत नव्हतं तेव्हा पोटात कसं झालं? ह्या प्रश्नाला मोठमोठ्या बाप्यांनी डोळे पुसलेले मी पाहिलेत. चांगली शिकवते हो मी. हे मिरवायला सांगत नाही. जे केलं ते ह्याच हातोटीनं केलं, म्हणून सांगते.

आता मनोरमाबाई.

महिला मंडळाच्या अध्यक्ष. क्रांती चौकाच्या पलीकडे स्वतःचं दुमजली घर, कडक इस्त्रीची साडी, आणि आवाज असा की त्या बोलायला लागल्या की पाळकसाहेबसुद्धा थांबायचे. मिस्टर सिंचन खात्यात—अबोल, बायकोच्या शब्दाबाहेर नसलेले. एकुलती एक मुलगी एस्तेर. ती माझ्याच रविवारच्या शाळेत वाढलेली, मला टीचर म्हणायची. मनोरमाबाई वाईट होत्या का? तसं लिहायला मला फार आवडलं असतं. पण दुसऱ्यांदा माझा गर्भ पडला आणि डॉक्टर म्हणाले की आता पुन्हा आशा नको, तेव्हा दवाखान्यात डबा घेऊन त्याच आल्या होत्या. डॉक्टरांचं ते बोलणं मी माहेरी कळवलं नव्हतं. त्यांना सांगितलं. त्यांचा हात धरून सांगितलं.

त्याच वर्षीच्या नाताळातली गोष्ट. आमच्याकडे उपासनेच्या शेवटच्या गीताला गव्हाणीत बाळ ठेवतात—कापडी बाळ, औरंगपुऱ्यातून आणलेल्या जरीच्या कापडात गुंडाळलेलं. ज्यानं त्या वर्षी घरोघर पाठ घेतले, त्यानं ते ठेवायचं, अशी पद्धत. त्या वर्षी पाठ पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. मी नवी साडी नेसले होते. बाळ घेऊन गव्हाणीपर्यंत पोचले, आणि मनोरमाबाई पहिल्या रांगेतून उठल्या, माझ्या हातातलं बाळ काढून घेतलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, अगदी मायेनं म्हणाल्या, "शुभ काम हाय, सुलभाबाई. लेकुरवाळीच्या हातानं होऊ द्या. मनाला लावून घेऊ नका." आणि स्वतः ठेवलं.

ज्या गोष्टीत म्हाताऱ्या अलीशिबेची कूस उजवते, त्याच गोष्टीच्या गव्हाणीला माझा हात चालला नाही. आणि बाकीचे? पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकात बघत राहिले. आमचे हे हार्मोनियमवर होते, त्यांनी सूर सोडला नाही. बायकांना तर ते बरोबरच वाटलं असावं—पिढ्या झाल्या ख्रिस्ती होऊन, तरी ओटी भरायला लेकुरवाळीच शोधतो आम्ही. माझे रिकामे हात तसेच पुढे राहिले होते. ते खाली कसे घ्यायचे हेच मला सुचेना.

मी डूख धरला. दुसरा शब्द नाही त्याला.

वरून गोड राहिले. त्यांच्याकडून करंज्यांची कृती मागून घेतली, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करत राहिले. मनात मात्र रोज त्यांना तोंडावर पाडत होते—भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. क्षमेवरचं प्रवचन चालू असताना त्यांच्या अंबाड्याकडे बघून मी पोटातल्या पोटात शिव्या दिल्यात. अशी बरीच वर्षं गेली. तुम्ही कधी इतकी वर्षं राग सांभाळलाय? लोणच्याच्या बरणीसारखी निगा ठेवावी लागते त्याची. मी ठेवली.

मग एस्तेर गेली. पुण्याला नोकरी लागली, असं मनोरमाबाईंनी सांगितलं. चांगला पगार, कंपनीची गाडी दारात न्यायला येते. सांगताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे होती, पण मला काही वाटलं नाही. मिरवताना त्या कुणाकडेच बघायच्या नाहीत.

त्याच वर्षी नाताळाच्या महिनाभर आधी नागपूरची नणंद आली, म्हणून तिला वेरूळ दाखवायला घेऊन गेले. लेणी बघून झाल्यावर घृष्णेश्वराच्या वाटेवर एका हॉटेलात जेवलो. बिल द्यायला गल्ल्याशी गेले, तर गल्ल्यावर एस्तेर.

मला बघून ती गल्ला सोडून उठली. मग माझा हात धरून मला मागं नेलं, हात धुवायच्या बेसिनजवळ, आणि रडायलाच लागली. आईनं तिचं लग्न परस्पर ठरवलं होतं, हिनं नाही म्हटलं, आणि मनोरमाबाई म्हणाल्या होत्या की चालती हो, मला मुलगी नाही. नेसत्या कपड्यांनिशी निघाली होती. फोनचं कार्डही बदललं होतं. पुणंबिणं काही नाही—घरापासून बसनं तासाच्या वाटेवर बसली होती पोरगी.

"टीचर, आईला सांगा मी इथं हाय," ती म्हणाली. "मी माझ्या पायानं नाय जाणार, लई बोलली ती मला. पण तिनं एकदा यावं. नुसती येऊन समोर उभी राहिली तरी मी संगं निघंन."

नाताळापर्यंत ती तिथं होती. नंतर मालकाच्या भावाचं गोव्यात हॉटेल होतं, तिथं जायचं ठरलं होतं. तिनं माझा नंबर लिहून घेतला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सांगते.

सांगणार होते का मी? दौलताबादच्या किल्ल्याजवळ बस आली तोवर सांगणारच होते, हे खरं आहे. नणंद शेजारी लेण्यांबद्दल काहीबाही बोलत होती, आणि मी मनात वाक्य जुळवत होते—मनोरमाबाई, घाबरू नका, एस्तेर सुखरूप आहे. त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. आणि त्या चेहऱ्याबरोबर आवाजही आला. लेकुरवाळीच्या हातानं होऊ द्या. छावणी येईपर्यंत माझं ठरलं होतं. त्यांचं लेकरू कुठं आहे हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. इतकं गोड मला कितीतरी वर्षांत काही लागलं नव्हतं.

त्या वर्षी त्यांच्या घरी मेंढपाळांचा पाठ होता. मी बदलला आणि हरवलेल्या येशूचा ठेवला. त्यांनी फोन करून विचारलं, तसं काही कारण? मी म्हटलं, घर मोठं आहे तुमचं, शोधायला मजा येईल.

त्या संध्याकाळी घर भरलं होतं. मनोरमाबाईंनी शास्त्रभाग वाचला. आई मुलाला विचारते की तू आमच्याशी असा का वागलास, त्या ओळीवर त्यांचा आवाज फाटला, पण त्यांनी खोकल्यासारखं केलं आणि पुढे वाचलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्याआधीच मी शेजारच्यांच्या एका चिमुरडीला कानात सांगून वर पाठवलं होतं—वरच्या मजल्यावरची मागची खोली. एस्तेरची. तिच्या वाढदिवसांना मी त्या खोलीत केक खाल्लाय, मला ती बरोबर माहीत होती.

शोध सुरू झाला. त्या पुढे, मिस्टर मागे, आणि आम्ही सगळे हसत त्यांच्या मागे. खालचा मजला संपला. वरून पोरीचं खुदखुदणं ऐकू आलं. मनोरमाबाई जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबल्या.

"वर नको," त्या म्हणाल्या. "वर लई पसारा हाय."

आणि मी—हसत, टीचरच्या आवाजात—म्हटलं, "मरीया पसारा बघून थांबली होती का, मनोरमाबाई?"

सगळे हसले. मग त्यांना चढावंच लागलं. दार मिस्टरांनी उघडलं. चिमुरडी पलंगावर चादर ओढून बसली होती, चादर दूर सारून ओरडली, पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलीचं सगळंच्या सगळं सामान त्या खोलीत होतं. खुंटीवर ड्रेस, खाली चपला, टेबलावर प्रमाणपत्रांची फाइल, कपाटावर बॅग. बायका काही खुळ्या नसतात. एकीनं हळूच विचारलं, एस्तेर आली का काय?

मिस्टर पलंगाच्या कडेवर बसले. त्यांना सभेत बोलताना मी तेव्हाच ऐकलं, आधी कधी नाही. "आली नाय," ते म्हणाले. "गेली. पुण्यात बी नाय. कुठं हाय, आमाला ठावं नाय."

मनोरमाबाई उंबऱ्यावर बसल्या. इस्त्रीची साडी सगळी चुरगळली, आणि आवाज—तो तर कुठं गेला देव जाणे. तोंड उघडं होतं आणि आतून नुसती हवा येत होती. मी वरून त्यांच्याकडे बघत होते. काय वाटलं सांगू? वाईट वाटलं असं म्हणायचा मोह होतोय. नाही वाटलं. मनात एकच आलं—आता आपण सारख्या झालो, मनोरमाबाई. आणि मला फार बरं वाटलं.

इथपर्यंतचं एखाद्याला सांगता आलं असतं. बायका बायकांचं उट्टं काढतात, तसं काढलं. पण तिथं थांबले नाही मी.

मनोरमाबाईंनी माझा हात धरला. "तुमी प्रार्थना करा, सुलभाबाई," त्या म्हणाल्या. "सापडंल का हो माझी पोरगी?" आणि मी काय करावं? सांगायची हीच वेळ होती, तीस माणसं साक्षीला होती. मी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. मोठी, सुरेख प्रार्थना. प्रभू, मरीयेला जशी वाट दाखवलीस तशी ह्या आईला दाखव, हिचं लेकरू जिथं असेल तिथं हिची पावलं ने. लोक हुंदके देत होते. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं—कशाचं होतं ते? त्यांचा हात माझ्या हातात होता आणि मी मुद्दाम प्रार्थना लांबवली, कारण तो हात मला सोडवत नव्हता. पुढच्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, प्रभूनं सुलभाबाईंना वापरलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, विनयानं.

मनोरमाबाई पुण्याला जाऊन आल्या, नाशिकला गेल्या, मैत्रिणींच्या घरी चौकशी केली. वेरूळकडे कशाला जातील? आम्ही गावचे लोक पाहुणे आल्याशिवाय वेरूळला जातो का?

अजून एक राहिलं. खरं तर हेच सांगायचं होतं, बाकी सगळा फेरा हे टाळण्यासाठीच घातला.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी फराळाचे डबे आवरत होते. एस्तेरचा फोन आला.

"टीचर, आईला सांगितलं का हो?"

मी म्हटलं, "सांगितलं."

"मग?"

काहीही बोलता आलं असतं. विसरले म्हणता आलं असतं. आज सांगते, थांब, म्हणता आलं असतं. त्या वेळी मनोरमाबाई घरात त्या खोलीत बसून होत्या, हे मला माहीत होतं; सकाळीच त्यांना करंज्या देऊन आले होते. मी म्हटलं, "त्यांनी विषय बदलला, बाळा."

बाळा म्हणाले तिला.

 ती म्हणाली, "बरं. व्हय, ती तशीच हाय." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ती गोव्याला गेली असेल.

हे का केलं? सूड तर घेऊन झाला होता, सगळ्यांदेखत झाला होता. मला वाटतं, मला तो संपायला नको होता. आई-मुलगी भेटल्या असत्या, रडल्या असत्या, आणि मनोरमाबाई पुन्हा लेकुरवाळ्या झाल्या असत्या. मी तशीच्या तशी राहिले असते. एवढंच. ह्यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांचे मिस्टर गेले. शेवटच्या आजारात एस्तेरचं नाव घेत होते, दार वाजलं की मान वळवत होते. मातीच्या वेळी मनोरमाबाई माझ्या खांद्यावर टेकून उभ्या होत्या. लोकांनी मलाच त्यांच्याजवळ उभं केलं, कारण आता त्या माझ्याशिवाय कुणापाशी मन मोकळं करत नाहीत. आवाज मऊ झालाय त्यांचा. महिला मंडळ सोडलं. मला सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त मानतात, म्हणे. मी ते ऐकून घेते. आणि खरं सांगू, अजूनही एखाद्या रविवारी त्या वाकून चपला घालताना दिसल्या की आत काहीतरी समाधानानं हलतं. मग लाज वाटते. पण आधी ते हलतं.

दर वर्षी हरवलेल्या येशूचा पाठ त्या स्वतःच मागून घेतात. मरीयेला सापडला होता ना, म्हणतात. पोर लपवायचं मात्र आता आम्ही करत नाही. नुसतं वाचतो.

एस्तेरचा फोन ज्या नंबरवरून आला होता, तो माझ्याकडे आहे. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून गॅस एजन्सी ह्या नावानं ठेवलाय. परवा दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा एकदा लावून पाहिला. लागला. "हॅलो," म्हणाली—आवाज तिचाच. मी काही बोलले नाही. ती पुन्हा हॅलो म्हणाली नाही, पण लगेच ठेवलाही नाही. मी फोन बंद केला, साडी बदलली, आणि मनोरमाबाईंकडे घरसभेची वेळ ठरवायला गेले.